मायच्या मांडीतला रॉड

माझ्या घरात पाट नाही. लग्नात आलेले दोन होते, ते मी पहिल्याच वर्षी फोडून बंबात घातले. नवऱ्याला वाटलं, लाकडं संपली असतील. मी त्याला कारण सांगितलं नाही, कारण सांगायला बसले असते तर माझा आवाज चढला असता आणि शेजारपाजारच्यांना वाटलं असतं, नव्या जोडप्याचं भांडण लागलं. पाटावर बसून चुलीपुढं भाकरी थापणारी बाई चित्रात छान दिसते. मला ते चित्र दिसलं की डोक्यात तिडीक जाते.

माझ्या मायच्या डाव्या मांडीत एक रॉड आहे. दीड-दोन वर्षांनी तो काढायचा होता. तो अजून तिथंच आहे, आणि सरळ नाही.

विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, त्याच्यानंतर दोन-तीन वर्षांची गोष्ट. आमचं गाव परभणीकडं, झरीच्या जवळ. गावात आमचं किराणा दुकान, आणि वर थोडं शेत. मी दहावीला होते. डिसेंबरात कापूस गाडीत भरायचं काम चाललं होतं. गाडीच्या चारी बाजूंना तट्टे उभे करतात, आत कापूस टाकतात, आणि कुणीतरी वर चढून तो तुडवतं, म्हणजे दबून जास्त मावतो. तुडवायला माय चढली होती. आप्पा, म्हणजे माझे वडील, खालून कापसाच्या पाट्या उचलून देत होते. बैल कशाला तरी बुजले आणि गाडी हातभर पुढं गेली. माय मागच्या बाजूनं खाली आली. तिची मांडी चाकाच्या लोखंडी धावेवर आपटली.

ती ओरडली नाही. पाय भलत्याच दिशेला वळलेला बघून मीच ओरडले.

कुणी म्हणालं पाय बांधणाऱ्याकडं न्या, कुणी म्हणालं मांडीचं हाड बांधून बसत नसतं, परभणीला न्या. मग तिला त्याच गाडीत, त्याच कापसावर निजवून परभणीला नेलं. गाडी आधी दवाखान्यात गेली आणि मग जिनिंगच्या रांगेत. एवढं श्रेय आप्पांना द्यायलाच पाहिजे. पुढं द्यायची वेळ आली नाही.

हाडाचे डॉक्टर तरुण होते, आणि समजावून सांगायची हौस असलेले. त्यांनी मायच्या चांगल्या पायाची मांडी टेपनं मोजली आणि एका पत्र्याच्या डब्यातून तेवढ्या लांबीचा रॉड काढून आम्हाला दाखवला. मला वाटलं होतं, गजासारखा भरीव असेल. तो आतून पोकळ होता, चकचकीत, एका बाजूला वरपासून खालपर्यंत चीर, आणि टोकाशी एक लांबट भोक. "हे भोक कशाला?" मी विचारलं. "काढताना आकडा अडकवायला," डॉक्टर म्हणाले. "हाड जुळलं की ह्याचं काम संपलं. दीड-दोन वर्षांनी परत या, काढून टाकू." बाईमाणसाच्या हाडातली पोकळी अरुंद, म्हणून हा जरा बारीक घ्यावा लागतोय, असंही ते म्हणाले. कुल्ल्याच्या बाजूनं तो ठोकून आत घालतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तर मी तो हातात धरला नसता.

टाके काढल्यावर डॉक्टरांनी आप्पांना समोर बसवून सांगितलं. तीन महिने ह्या पायावर भार द्यायचा नाही. कुबड्या घेऊन चालायचं. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, खाली बसून उठायचं तर मुळीच नाही. "रॉड हाडाला नुसता धरून ठेवतो, हाडाचं काम तो करत नाही," ते म्हणाले. "रोज त्याच्यावर जोर टाकाल तर तो वाकेल." मग त्यांनी विचारलं, घरी स्वयंपाक कशावर होतो? आप्पा म्हणाले, चुलीवर. डॉक्टरांनी चिठ्ठीवर गोळ्यांची नावं लिहिली होती, त्यांच्याखाली मराठीत लिहिलं: ओटा बांधणे, कमरेइतका. त्याच्याखाली रेघ मारली. आप्पांनी मान डोलवली आणि चिठ्ठी खिशात घातली. आप्पा मान फार छान डोलवायचे.

ओटा बांधायला काय लागतं? विटा, वाळू, सिमेंट, गवंडी. विटा परसात पडून होत्या. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं, त्यासाठी खेटे घालावे लागायचे. पण आप्पांनी दिवाळीतच खेटे घालून तीन पोती आणून ठेवली होती. दुकानातला वजनकाटा जमिनीवर होता, दिवसभर वाकून वाकून त्यांची कंबर धरायची, म्हणून काट्यासाठी कट्टा बांधायचा होता. माय दवाखान्यातून घरी आली त्याच आठवड्यात गवंडी आला. दीड दिवसात कट्टा झाला. कमरेइतका. एक पोतं पुरलं, दोन उरली. गवंडी जाताना म्हणाला, "आणखी काय हाय का काम? सामान हायच." आप्पा म्हणाले, "बघू."

त्या "बघू"वर मी एक अख्खं पुस्तक लिहीन.

घर सांभाळायला आत्या आली होती, आप्पांची थोरली बहीण. तिनं दोन महिने राबराब राबून आमचं घर चालवलं, हे मी नाकारत नाही. पण ओट्याचा विषय मी काढला तेव्हा ती चुलीतलं लाकूड मागं ओढून म्हणाली, "उभ्यानं सैपाक? उभ्यानं हाटेलात करतेत, पोरी. घरात अन्न बसून करायचं असतंय. बसल्याबिगर हातात देव उतरत न्हाई." आप्पा जेवत होते. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि पुन्हा म्हणाले, "बघू."

दुकानाच्या फळीवर संध्याकाळी माणसं जमायची. विद्यापीठाला काय नाव असावं, कुणाचं असावं, कुणाचं नसावं, ह्यावर दोन दोन तास बोलणं चालायचं. आप्पा त्यात पुढं. काळ कसा बदलायला पाहिजे आणि कसा बदलायला नको, ह्या दोन्हीवर त्यांची मतं तयार असायची, समोर गिऱ्हाईक कोण आहे त्यावर. मी आत तांदूळ निवडत ऐकायची. एवढं मोठं विद्यापीठ, त्याचं काय करायचं हे ह्या माणसांना माहीत होतं. आमच्या घरातली चूल दीड हात वर उचलायची मात्र कुणाची छाती नव्हती.

महाशिवरात्र जवळ आली तशी आत्या आपल्या गावी गेली. तिच्याही घरी पूजा होती. तीन महिने भरायला अजून पंधरा-वीस दिवस होते. मी माझ्या अकलेनं उपाय केला. ज्वारीच्या पत्र्याच्या पिंपावर फळी टाकली, तिच्यावर रॉकेलचा स्टोव्ह ठेवला, आणि मायला कुबडी काखेत धरून उभ्यानं करता येतं का ते बघितलं. येत होतं. भाकरी जरा जाड झाल्या, पण झाल्या. रात्री आप्पांनी पहिला घास तोंडात घातला आणि ताट सरकवलं. "भाकरीला घासलेटाचा वास येतोय," ते म्हणाले. रागानं नाही, अगदी साधेपणानं म्हणाले. माणूस रागावला तर उलटून बोलता तरी येतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर माय चुलीपुढं पाटावर बसली होती. चांगला पाय दुमडलेला, रॉडचा पाय चुलीच्या कडेनं लांब पसरलेला, लुगड्याचा काठ राखेत. उठताना ती शेजारच्या धान्याच्या कणगीला धरायची, आणि त्या अर्ध्या मिनिटात तिच्या वरच्या ओठावर घाम यायचा. मी म्हणाले, "मी करते." ती म्हणाली, "तुझी परीक्षा हाय. तू बस अभ्यासाला." आणि मी बसले. हे मला लिहिलं पाहिजे. मी बसले, आणि मला बरं वाटलं. मला चुलीचा धूर आवडत नव्हता आणि मला पहिला वर्ग पाहिजे होता.

शिवरात्रीचा दुसरा दिवस आमच्या घरी उपासापेक्षा मोठा. पारण्याला मठातले स्वामी जेवायला यायचे, त्यांची पाद्यपूजा व्हायची, आणि त्यांच्याबरोबर भाऊबंदांतली दहा-बारा पानं. पुरणपोळी घरच्या बाईनं करायची, अंघोळ करून, विभूती लावून, जेवण होईपर्यंत पाण्याचा घोट न घेता. आप्पांनी आदल्या दिवशी मायला विचारलं, "जमंल ना?" असं विचारणं म्हणजे सांगणंच असतं. माय म्हणाली, "जमंल."

त्या दिवशी ती पहाटेपासून दुपारी बारापर्यंत पाटावर होती. किती वेळा उठली-बसली ते मोजलं नाही. मी पुरण वाटून देत होते, पोळ्या ती लाटत होती. स्वामींचं पान वाढायचं म्हणून तुपाचं भांडं घेऊन ती उठायला गेली, कणगीला हात लावला, आणि तशीच थांबली. आवाज वगैरे काही झाला नाही. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त मात्र गेलं. "धर," म्हणून तिनं तूप माझ्या हातात दिलं. सांडू दिलं नाही. मग ती हळूच परत पाटावर बसली आणि पंगत उठेपर्यंत तिथंच बसून राहिली. बाहेर आप्पा आग्रह करकरून वाढत होते.

परभणीत डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. हाडाच्या आतली पांढरी रेघ मधेच विळ्याच्या पात्यासारखी वळली होती. त्यांनी त्या वळणावर बोट ठेवलं. मग आप्पांकडं वळून म्हणाले, "मी काय सांगितलं होतं?"

आप्पा म्हणाले, "सांगितलं हो मी. लय सांगितलं. ऐकतच न्हाई ती. बसू नको म्हणलं तरी बसतीया."

डॉक्टरांनी मायकडं बघितलं. मायनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "माजीच चूक झाली, साहेब."

मी तिथं होते. टेबलाच्या कडेला, आप्पांच्या आणि मायच्या मधे. सोळा वर्षांची, पाठांतराला पहिली. मला सगळं माहीत होतं: चिठ्ठी, रेघ, कट्टा, दोन पोती, घासलेटाचा वास. आणि मी मूग गिळून उभी राहिले. डॉक्टर त्यानंतर मायशीच बोलले, आणि चिडूनच बोलले. तुम्ही बायका स्वतःच्या जिवाची किंमत करत नाही, असं काहीतरी. ती मान खाली घालून ऐकत राहिली. आयुष्यात मला कशाची सगळ्यात जास्त लाज वाटत असेल तर त्या पाच मिनिटांची.

वाकलेला रॉड काढून जाड घालावा लागेल, डॉक्टर म्हणाले, आणि लवकर. आप्पा म्हणाले, पोरीची दहावीची परीक्षा होऊ द्या. माझी परीक्षा झाली. मग पेरणी आली, घरी कोण बघणार? मग श्रावण आला. दिवाळीपर्यंत हाड आपलं आपणच जुळलं, वाकड्या रॉडभोवती, वाकडंच. डावा पाय दीड-दोन बोटं आखूड झाला. आता रॉड काढायचा तर हाड पुन्हा मोडावं लागलं असतं. "दुखत न्हाई ना आता? मग राहू दे," आप्पा म्हणाले. पहिला वर्ग मला मिळाला. पेढे वाटले.

दोन पोती सिमेंट त्या पावसाळ्यात कोठीत दगड झालं. वरचा बारदाना सडून गेला, आतला दगड पोत्याच्याच आकाराचा राहिला. आप्पांनी ते दोन दगड परसदारी पायरीला लावले. माय आखूड पाय आधी टाकून त्यांच्यावरून उतरायची.

पुढच्या शिवरात्रीला स्वामी आले तेव्हा मायचं चालणं बघून त्यांनी विचारलं. म्हातारे होते, हळू बोलायचे. मीच सगळं सांगितलं, आप्पांच्या समोर. एक वर्ष उशिरा का होईना. स्वामींनी ऐकून घेतलं आणि मायला म्हणाले, "माय, मला दूध-केळं बी चाललं असतं गं. आमच्या मठात तर उभ्याच्या भट्टीवरच रांधतेत सगळे. पुरण बी." आप्पा हसले. काहीतरी गंमत झाल्यासारखे हसले आणि स्वामींच्या पानात आणखी एक पोळी वाढली. म्हणजे ज्यांच्यासाठी बसून करायचं होतं, त्यांच्याच घरी उभ्यानं होत होतं. हे विचारायला कुणालाच वर्षभर जीभ हलवावीशी वाटली नाही.

आप्पांवर माझा राग होताच. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त राग मायवर होता. ती बोलली असती तर? एकदा, फक्त एकदा म्हणाली असती, मला ओटा पाहिजे? मी भांडत होते, स्टोव्ह मांडत होते, आणि जिचा पाय ती गप्प. पुढं लग्न होऊन मी पूर्णेला आले. नवरा रेल्वेत, क्वार्टरमधे ओटा होता. पहिल्या दिवशी त्या ओट्यापुढं उभी राहिले आणि मायची आठवण येऊन इतकी चिडले की कणीक आपटून मळली. माहेरी गेले की तिला घालूनपाडून बोलायची. "तुला तोंड नव्हतं का?" म्हणायची. ती म्हणायची, "व्हतं की," आणि दुसरंच काहीतरी काढायची. चहा घेतीस का, नातवाला दात आले का.

मग माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. मुलगी नांदेडची, शिकलेली. बोलणी चालू असताना तिच्या वडलांनी सहज विचारलं, "घरात ओटा आहे ना? आमच्या पोरीला खाली बसून सवय नाही." आप्पा म्हणाले, "हाय की."

आठ दिवसांत ओटा झाला. शहाबादी फरशीचा, वर गॅसची शेगडी, खाली सिलिंडरला जागा. गवंडी तोच, आता केस पिकलेला. वहिनीचा ह्यात काही दोष नाही. पोर गुणी आहे, आणि मागून घ्यायचं ते तिच्या वडलांनी मागून घेतलं.

लग्नानंतरच्या पंचमीला मी माहेरी गेले. वहिनी तिच्या माहेरी गेली होती, म्हणून स्वयंपाक माय करत होती. आत गेले तर ती ओट्यापुढं उभी. ओटा उंच वहिनीच्या मापाचा, मायला थोडा उंचच होता. उजवा पाय जमिनीवर, आणि आखूड पायाखाली तिनं पाट घेतला होता. तोच पाट, चुलीकडची कड जळून काळी झालेला. नुसतं उभं राहिलं की तिचा डावा पाय लोंबकळतो, भार येत नाही. पाटानं तो टेकत होता. ती त्याच्यावर पाय ठेवून पोळ्या लाटत होती, आणि आप्पा शेजारी खुर्चीवर चहा पीत बसले होते. खुर्च्याही आल्या होत्या आता.

आप्पा मला म्हणाले, "बघ, कसा झालाय. तुजी माय किती खूश हाय बघ. बायकांची सोय बघावीच लागती."

मी पिशवी खाली ठेवली. मग काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. दहा वर्षांचं साठलेलं होतं. कट्टा, चिठ्ठी, ती पोती, दवाखान्यातलं ते "ऐकतच न्हाई ती", सगळं काढलं. आप्पा कप हातात धरून ऐकत होते. आता म्हातारे झाले होते. मला वाटलं, चिडतील, उठून दुकानात जातील. ते चिडले नाहीत. अगदी साधेपणानं, भाकरीला वास येतोय म्हणाले होते तसंच म्हणाले, "पण तिनं कवा मागितलाच न्हाई की."

 इतकी वर्षं मीही मायला हेच म्हणत आले होते.

"मागितला व्हता," माय म्हणाली.

तिची पाठ आमच्याकडं होती. लाटणं थांबलं नव्हतं.

"कवा?" आप्पा म्हणाले.

"दवाखान्यातून आले, त्याच आठवड्यात. काट्याचा कट्टा वल्ला व्हता तुमचा. कुबडी घेऊन दुकानात आले मी. म्हणलं, दोन पोती हायती, गवंडी हाय, चुलीपाशी बी एवढंच बांधून घ्या. तुमी म्हणलात, गिऱ्हाईक हाय, आत जा."

तिनं पोळी तव्यावर टाकली.

"पोरीला सांगायचं न्हवतं," ती म्हणाली. "तिची परीक्षा व्हती."

आप्पांनी कप खाली ठेवला.  मी ओट्याजवळ गेले, तिच्या हातातलं लाटणं घेतलं आणि म्हणाले, तू बस खुर्चीवर. ती म्हणाली, राहू दे, आता सवय झाली, आणि पायानं पाट जरा आत सरकवून घेतला.